यार्डातलं चार फरश्यांचं अंगण

इंग्लंडमधल्या कुठल्याही मध्यम गावाच्या कडेला, रेल्वे रुळांलगत किंवा जुन्या गिरणीच्या आवारात, एखादा तरी ‘बिल्डर्स मर्चंट’ सापडतोच. पुढे दुकानाचा काउंटर आणि मागे मोठं यार्ड. यार्डात वाळू-खडीच्या थैल्या, विटांच्या चळती, लाकडाचे वासे, सांडपाण्याचे विटकरी पाइप आणि या सगळ्यातून मागेपुढे करणारा फोर्कलिफ्ट. हा धंदा जुना आहे. ज्यूसन हे नाव 1836 पासूनचं. ट्रॅव्हिस पर्किन्स 1988 साली दोन कंपन्या एकत्र येऊन झाली, पण तिची मुळं अठराव्या शतकापर्यंत जातात. गिऱ्हाईक मुख्यतः ठेकेदार आणि गवंडी. सकाळी दुकान उघडताच गाडी लावायची, खात्यावर माल उचलायचा, चालू लागायचं. सिमेंटचं पोतं किंवा प्लायचा तक्ता त्यांना दाखवावा लागत नाही, काय हवं ते ते ठरवूनच येतात.

दाखवावी लागते ती फरशी. कारण फरशी पसंत करणारा माणूस ठेकेदार नसतोच. ठेकेदार घरमालकाला सांगतो, ‘तुम्ही एकदा मर्चंटकडे जाऊन रंग बघून या.’ मग शनिवारी सकाळी एखादं जोडपं स्वच्छ बूट घालून, चिखल चुकवत, फोर्कलिफ्टला वाट देत यार्डाच्या एका कोपऱ्यात येऊन उभं राहतं. दुकानाचं खरं गिऱ्हाईक ठेकेदार, पण मांडणी अशा पाहुण्यांसाठी केलेली, आणि दुकान तर त्यांच्यासाठी बांधलेलंच नाही. या मांडणीची निम्मी दुखणी इथूनच सुरू होतात.

मांडणी दोन तऱ्हांची. आत, छपराखाली, लोखंडी स्टँडवर बिजागरीने उलटणारे बोर्ड आणि त्यांवर तळहाताएवढे तुकडे चिकटवलेले. बाहेर जमिनीवर प्रत्यक्ष घातलेले नमुने: दीड-दोन मीटरचे चौकोन, भोवती लाकडी स्लीपरची कड, मागे विटांची बुटकी भिंत आणि फरशीचं नाव लिहिलेली प्लास्टिकची पाटी. परसात जेवणाचं टेबल मांडायला जी फरसबंद जागा करतात तिला तिकडे पॅटिओ म्हणतात. हे चौकोन म्हणजे पॅटिओचे नमुने, पण 900 × 600 मिलिमीटरच्या फरश्या एवढ्या जागेत चार बसतात, फार तर सहा. वालुकाश्म सहसा चार मापांच्या मिसळीत विकला जातो आणि घालताना चार कोपरे एका बिंदूत येऊ द्यायचे नाहीत अशी रीत आहे. एवढ्याशा चौकोनात ती वीण दिसतच नाही. दिसतो तो रंग, तोही अर्धवट.

आता या रंगांची नावं वाचत जाऊ. राज ग्रीन. कांडला ग्रे. ऑटम ब्राउन. मोडक. मिंट फॉसिल. मराठी माणूस इथे क्षणभर थबकतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटनच्या परसांत भारतीय वालुकाश्माचा पूर आला, आणि त्यातला बराचसा राजस्थानच्या कोटा-बुंदी-भीलवाडा पट्ट्यातून गेलेला. कांडला हे गुजरातमधलं बंदर आहे, तिथे त्या दगडाची खाण नाही. मोडक हे कोटा जिल्ह्यातलं गाव, गणपतीशी त्याचं नातं नाही. त्याच जिल्ह्यात, मोडकपासून जवळच, रामगंज मंडी आहे. आपल्या इमारतींच्या जिन्यांत आणि शाळांच्या व्हरांड्यांत जो हिरवट-निळसर कोटा पाय गार करतो, तो इथला चुनखडक. म्हणजे एकाच मुलखाचा एक दगड पुण्या-नाशिकच्या जिन्यात बसला आणि दुसरा यॉर्कशरच्या परसात जाऊन पावसात भिजतोय. गंमत अशी की यॉर्कशरचा स्वतःचा वालुकाश्म, यॉर्कस्टोन, फरशीसाठी शतकानुशतकं नावाजलेला आहे. पण तो महाग पडतो, म्हणून चौरस मीटरला पन्नासेक किलो भरणारा दगड अर्ध्या जगाला वळसा घालून आणणं परवडतं.

मिंट फॉसिलच्या नमुन्यापाशी थोडं वाकून बघण्यासारखं असतं. फिकट पांढरट-हिरव्या दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी उमटलेली असते. गिऱ्हाइकाला सांगितलं जातं, किंवा पाटीवरून त्याचं त्यालाच वाटतं, की हे जीवाश्म. ते जीवाश्म नाहीत. दगडाच्या फटींतून झिरपलेल्या पाण्यातली मँगेनीज-लोहाची संयुगं फांद्या फुटल्यागत साठत गेली, त्यांचा हा ठसा. याच लोहाचा दुसरा गुण पाटी सांगत नाही: ओल्या हवेत दोन-चार वर्षांत काही फरश्यांवर गंजाचे पिवळट-तांबूस डाग उतरतात. आतल्या बोर्डवरचा तुकडा मात्र जन्मभर पुदिन्याच्या रंगाचाच राहतो.

याहून बोलका नमुना काळ्या चुनखडकाचा. कडाफा ब्लॅक, मिडनाइट ब्लॅक अशा नावांनी तो विकला जातो. हा आपला कडप्पा, आंध्रातला, आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा. लिंबू सांडलं आणि वेळेत पुसलं नाही तर ओट्यावर पांढरट डाग राहतो, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. आम्ल लागलं की चुनखडकाची चकाकी जाते. ब्रिटनमध्ये तोच दगड उघड्यावर, ऊन-पावसात घातला जातो, आणि सिमेंटचे डाग काढायला गवंडी आम्लाचा क्लीनर मारतो. काळ्याचा राखाडी व्हायला मग फार वर्षं लागत नाहीत. काही मालावर निघण्यापूर्वी तेल किंवा रंग चढवलेला असतो, तो आधी उतरतो. आत स्टँडवर कोळशासारखा तुकडा आणि बाहेर त्याच नावाची, त्याच खाणीतली राखेच्या रंगाची फरशी, असं दृश्य एकाच दुकानात बघायला मिळू शकतं. खोटं कोणीच बोलत नसतं, पण गिऱ्हाईक बहुधा आतला तुकडा बघून पैसे भरतं.

दगड पारखण्याची जुनी युक्ती पाण्याची. आपल्याकडे दगडाच्या अड्ड्यावर दुकानदार फरशीवर तांब्याभर पाणी ओततो, ‘पॉलिशनंतर अशी दिसेल बघा’ म्हणतो. तिकडे अनुभवी गिऱ्हाईक स्वतःच पाण्याची बाटली घेऊन येतं. कोरडा राज ग्रीन मळका खाकी दिसतो. पाणी पडलं की त्यातून हिरवा, जांभळट, तपकिरी असे पट्टे वर येतात. ज्या देशात वर्षातला मोठा काळ अंगण ओलंच असतं, तिथे ओला रंग हाच खरा रंग मानायला हवा. कॅटलॉगमधले फोटोही बरेचदा ओल्या फरशीचे असतात. दोन्ही अवस्था शेजारी-शेजारी दाखवणारी मांडणी मात्र विरळा.

आता कडेला बोट फिरवून बघा. वालुकाश्म थरावर फोडलेला असतो, त्यामुळे वरचा पृष्ठभाग खडबडीत आणि जाडी कमीजास्त. निर्यातीच्या चांगल्या मालाची पाठ घासून जाडी 22 मिलिमीटरच्या आसपास आणतात. चारी कडा मात्र हाताने, हातोडी-छिन्नीने टवके काढून घडवलेल्या. बोटाला जो खाचखळगा लागतो, तो माणसाच्या हाताचा. ब्रिटिश गिऱ्हाइकाला तोच आवडतो, ‘जुन्यासारखं दिसतं’ म्हणून.

तो हात कुणाचा, हे मांडणीत कुठेच नसतं. फरशीच्या चौकोनाभोवती शोभेला लावतात ते छोटे घनाकार दगड, सेट, त्यांची गोष्ट जास्त कडू आहे. बुंदी जिल्ह्यातल्या बुधपुऱ्याच्या परिसरात खाणीच्या टाकाऊ दगडाच्या ढिगांवर बसून, नगावर मजुरी घेऊन हे ठोकळे फोडले जातात. बायका आणि मुलं या कामात असल्याचं वारंवार उघड झालं आहे. वालुकाश्म म्हणजे मुख्यतः सिलिका. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. राजस्थान सरकारने या धुळीच्या आजारांसाठी 2019 साली स्वतंत्र धोरण आणलं. ब्रिटनमध्ये 2015 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याने 3.6 कोटी पौंडांच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना पुरवठ्याच्या साखळीबद्दल दरवर्षी निवेदन काढावं लागतं. निवेदनं निघतात, कंपन्यांच्या वेबसाइटवर बसतात. यार्डातल्या पाटीवर दगडाचं नाव, माप आणि किंमत असते. एक ओळ खाणीबद्दलही मावली असती. त्याच यार्डात फरशी कापायचं यंत्र भाड्याने देताना धूळ दबवायला पाण्याची टाकी सोबत देतात, कारण तिथल्या कामगाराच्या श्वासातल्या सिलिकेवर कायदेशीर मर्यादा आहे: घनमीटरला 0.1 मिलिग्रॅम.

मांडणी घालणं हेही एक कामच, आणि ते बहुतेक वेळा उरकलेलं असतं. फरशीखाली मसाल्याचा सलग थर हवा, हे नियमाच्या पुस्तकात आहे आणि चांगला गवंडी तसंच करतो. घाईत मात्र चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक असे मसाल्याचे गोळे ठेवून फरशी दाबली जाते. खाली पोकळी राहते, पाणी साचतं, फरशी डुगडुगते आणि गोळ्यांच्या जागी वर काळपट ठिपके उमटतात. यार्डातला नमुना पुढे-मागे उखडायचाच असतो, म्हणून तो वाळूवर किंवा गोळ्यांवरच टेकवतात. ढाळही नसतो. खऱ्या अंगणाला साधारण ऐंशीत एक उतार लागतो, आणि भिंतीत ओल चढू नये म्हणून घातलेल्या थराच्या किमान 150 मिलिमीटर खाली त्याची पातळी ठेवावी लागते. हे सगळं ज्याला दाखवायला हवं होतं तो घरमालक सपाट चौकोनावर उभा राहून रंग बघतो, आणि पुढे ठेकेदाराच्या कामात काय तपासायचं याचा त्याला पत्ता नसतो.

मग हिवाळा येतो. मांडणीची काळजी कुणी घ्यायची हे धड ठरलेलं नसतं. माल देणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी म्हणतो दुकानाने, दुकानाचा मॅनेजर म्हणतो कंपनीने. सांध्यांतला मसाला फुटतो, त्यात गवत उगवतं, शेवाळ धरतं, फोर्कलिफ्टच्या चाकाखाली एक कोपरा उडतो, एके दिवशी जागा नाही म्हणून मातीच्या पिशव्यांचं पॅलेट थेट नमुन्यावर टेकतं. पाटी उन्हाने पुसट होते. त्यावरचा माल कधीचा बंद झालेला असतो. ईस्टर जवळ आला की प्रतिनिधी जेट-वॉश घेऊन येतो, शेवाळाबरोबर उरलासुरला सांधाही उडवतो.

धंद्यातले लोक याला लाज म्हणतात. मला वाटतं, यार्डातली सगळ्यात खरी माहिती याच केविलवाण्या चौकोनांत असते. तीन हिवाळे काढलेला वालुकाश्म किती हिरवा पडतो, कडप्पा किती फिकट होतो, कुठला सांधा टिकतो, काँक्रीटच्या फरशीचा रंग किती उतरतो, हे कुठलाच कॅटलॉग छापणार नाही. अडचण एवढीच की नमुना कधी घातला हे कुणाला ठाऊक नसतं, त्यामुळे गिऱ्हाईक त्याला खराब माल समजून पुढे जातं. पाटीवर घातल्याचं साल लिहिलं आणि शेजारी त्याच मालाची एक नवी फरशी ठेवली, तर दुकानाला फारसा खर्च नाही. पण जुनी फरशी दाखवून नवी विकायची, हे विक्रेत्याच्या गळी उतरत नाही.

ठोकळ्यांच्या फरसबंदीचा, म्हणजे आपल्याकडच्या पेव्हर ब्लॉकचा, कोपरा थोडा वेगळा. तिथे रंगापेक्षा कायदा मोठा. 2007 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये मोठे पूर आले. त्यानंतर 1 ऑक्टोबर 2008 पासून घरापुढच्या बागेत 5 चौरस मीटरपेक्षा जास्त जागा पाणी न मुरणाऱ्या फरशीने झाकायची आणि पाणी रस्त्याकडे सोडायचं असेल तर परवानगी घ्यावी लागते. म्हणून मर्चंटकडे पाणी मुरवणारे ठोकळे दिसू लागले. त्यांच्या बाजूंना उंचवटे असतात, त्यामुळे सांधा रुंद राहतो, आणि त्यात वाळूऐवजी बारीक खडी भरतात. खालचा थरही पाणी धरून ठेवणाऱ्या खडीचा लागतो. हा ठोकळा यार्डाच्या काँक्रीटवर मांडला तर त्याचा एकमेव गुण दाखवायची सोयच उरत नाही. आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये काँक्रीटवर पेव्हर बसवतात, तिथेही हेच.

गेल्या काही वर्षांत या सगळ्या चौकोनांची जागा पोर्सिलेन घेतंय. 20 मिलिमीटर जाडीच्या, भट्टीतून निघालेल्या, दगडाचं चित्र छापलेल्या फरश्या. इटलीहून येतात, स्पेनहून येतात आणि गुजरातेतल्या मोरबीहूनही. शेवाळ कमी धरतात, रंग उडत नाही, त्यामुळे मॅनेजर खूश. यांची लबाडी निराळी. छपाईची ठरावीकच चित्रं असतात. चार फरश्यांच्या नमुन्यात एकही चित्र परत येत नाही. चाळीस चौरस मीटरच्या अंगणात मात्र तोच ‘नैसर्गिक’ डाग दर काही पावलांवर पुन्हा भेटतो. शिवाय पोर्सिलेन अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, म्हणून पाठीला सिमेंटचा खास प्रायमर लावल्याशिवाय मसाला त्याला धरतच नाही. यार्डातला जुना पोर्सिलेनचा चौकोन बदलायला घेतला की फरश्या पहारीशिवाय, नुसत्या हातानेच सुट्या होतात. पाठी कोऱ्या असतात. दुकानातली पोरं त्या घरच्या शेडखाली घालायला नेतात, आणि प्रायमरची बादली आत काउंटरमागे विकायला ठेवलेली असते.