रोजा कोण ठेवतं, शरीर की रूह?

रमजान सुरू झाला की महापे एमआयडीसीत एक प्रश्न हमखास विचारला जातो. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडतात. शेजारच्या मशीनवरचा सहकारी पोळीचा तुकडा मोडता मोडता थांबतो आणि म्हणतो, ‘‘पाणीसुद्धा नाही?’’ ‘‘नाही, पाणीसुद्धा नाही.’’ ‘‘अरे, मग तब्येतीचं काय?’’ प्रश्न आपुलकीचा असतो आणि उत्तर हसून दिलं जातं. पण या साध्या प्रश्नात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. उपास करतं कोण? उपाशी राहतं ते शरीर, आणि पुण्य मिळतं ते रूहला, म्हणजे आत्म्याला, असा आपला समज असतो. मग या दोघांत ‘मी’ म्हणायचं कोणाला?

एकादशी धरणाऱ्याला, पर्युषणात उपवास करणाऱ्या जैन शेजाऱ्याला, ईस्टरआधीचे चाळीस दिवस पाळणाऱ्या ख्रिस्ती मित्रालाही हा प्रश्न परका नाही. म्हणून यंदा तो जरा निवांतपणे पाहू या.

जिस्म, नफ्स आणि रूह

इस्लामी परंपरेत माणसाबद्दल बोलताना तीन शब्द येतात. जिस्म म्हणजे शरीर. रूह म्हणजे ईश्वराने मातीच्या पुतळ्यात फुंकलेला प्राण. आणि नफ्स. या तिसऱ्या शब्दाचं भाषांतर करणं अवघड आहे. नफ्स म्हणजे वासना, हट्ट करणारं मन. पण अरबीत नफ्स म्हणजे ‘स्वतः’ही आणि ‘एक माणूस’ही. रूहविषयी लोकांनी पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांना विचारलं तेव्हा कुरआनने दिलेलं उत्तर अगदी आखूड आहे. रूह ही ईश्वरी आज्ञेची बाब आहे आणि माणसाला याबाबत फार थोडं ज्ञान मिळालं आहे, एवढाच त्याचा आशय.

तरीही विचारवंतांनी शोध सोडला नाही. इब्न सीना (९८०–१०३७) हा वैद्यही होता आणि तत्त्वज्ञही. त्याने एक कल्पना मांडली. समजा एखादा माणूस एकदम, पूर्ण वाढलेला असा निर्माण झाला. तो हवेत तरंगतो आहे, डोळे झाकलेले आहेत, हातपाय एकमेकांना लागत नाहीत, कशाचाही स्पर्श नाही. त्याला आपल्याला शरीर आहे हे कळणार नाही. पण ‘मी आहे’ हे कळेल का? इब्न सीना म्हणाला, कळेल. त्यावरून त्याने आत्मा शरीराहून वेगळा मानला. युरोपात देकार्तने असाच धागा पकडला तो सुमारे सहाशे वर्षांनी.

इमाम गझाली (१०५८–११११) यांनी ‘किमिया-ए-सआदत’मध्ये वेगळा दृष्टान्त दिला. आत्मा हा हजला निघालेला यात्रेकरू आणि शरीर हा त्याचा उंट. जो यात्रेकरू सगळा वेळ उंटाला चारण्यात आणि सजवण्यात घालवतो, त्याचा काफिला पुढे निघून जातो. हा दृष्टान्त रमजानमध्ये अनेकदा सांगितला जातो. त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. उंटाला उपाशी मारणारा यात्रेकरूही वाळवंटातच राहतो. इराणचा मुल्ला सद्रा सतराव्या शतकात याच्याही पुढे गेला. त्याच्या मते आत्मा शरीरातच उगवतो आणि वाढत वाढत शरीरापलीकडे जातो. त्याच्या लेखी शरीर म्हणजे आत्म्याचा तुरुंग नव्हे. ती त्याची जमीन आहे.

श्रीगोंद्याचा संग्राम

हा विचार फक्त अरबी-फारसीत झाला असं समजू नका. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याला शेख महंमद यांची समाधी आहे. सतराव्या शतकातल्या या मुसलमान संतकवीने ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. चांद बोधले हे त्यांचे गुरू, आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही गुरू तेच, असं परंपरा सांगते. छत्रपती शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांनी शेख महंमदांना मानलं, हेही श्रीगोंद्यात आजही सांगितलं जातं. त्यांच्या ग्रंथाच्या नावातच लढाई आहे, आणि ती माणसाच्या आतली आहे, विकारांशी. सुफी ज्याला नफ्सशी लढाई म्हणतात, तीच ही, वारकऱ्यांच्या भाषेत.

लढाई नफ्सशी आहे, शरीराशी नाही. हा फरक छोटा वाटतो, पण रोजाचे सगळे नियम त्यावर उभे आहेत.

विसरून प्यायलेलं पाणी

एखादा रोजेदार दुपारी सवयीने बाटली तोंडाला लावतो, घोट घेतो आणि मग आठवतं. रोजा मोडला का? नाही. विसरून खाल्लं-प्यायलं तर रोजा कायम राहतो, आठवताक्षणी थांबायचं एवढंच. आता उलट पाहा. ज्याच्या घरात आज शिजायला काही नव्हतं, तो दिवसभर उपाशी राहिला. त्याचा रोजा झाला का? नाही, कारण त्याने नियत, म्हणजे संकल्प केला नव्हता. पहिल्याच्या शरीरात पाणी गेलं तरी रोजा राहिला. दुसऱ्याचं शरीर कोरडं राहिलं तरी रोजा झाला नाही. मग रोजा केवळ संकल्पाचा मानायचा का? तसंही नाही. नुसती नियत केली आणि मुद्दाम जेवलं तर काहीच उरत नाही. रोजा ठेवणारा शरीर आणि संकल्प मिळून होणारा ‘माणूस’ असतो. दोन्हींपैकी एकट्याने रोजा होत नाही.

म्हणूनच आजाऱ्याला आणि प्रवाशाला सूट आहे. त्यांनी नंतर रोजे भरून काढावेत. जे कधीच ठेवू शकणार नाहीत, त्यांनी गरिबाला जेवू घालावं. सतत रोजे ठेवणाऱ्या, रात्ररात्र जागणाऱ्या एका सोबत्याला पैगंबरांनी अडवलं होतं आणि त्याच्या शरीराचा, डोळ्यांचा, पत्नीचाही त्याच्यावर हक्क आहे, असं समजावलं होतं. मधुमेहाच्या रुग्णाने डॉक्टरांचा सल्ला धुडकावून रोजा ठेवणं ही भक्ती नाही. तो हक्क बुडवणं आहे.

संकल्पच उरला नाही तर?

इथवर सोपं आहे. पण ज्याच्याकडे संकल्प करण्याची शक्तीच राहिली नाही, त्याचं काय? तो माणूस उरतो का?

हा प्रश्न महाराष्ट्राने एका खाटेपाशी अनुभवला आहे. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथेच अत्याचार झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ त्या त्याच रुग्णालयात होत्या. बोलणं नाही, ओळख नाही. त्यांची खाट रिकामी करण्याचा प्रयत्न झाला तेव्हा परिचारिकांनी तो हाणून पाडला. परिचारिकांच्या एका पिढीने दुसऱ्या पिढीकडे हे काम सोपवलं. त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही नोंदली गेली.

लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या सुटकेसाठी याचिका केली, तीही करुणेपोटीच. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. मात्र ठरावीक परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवता येतील, असा मार्गही त्याच निकालाने उघडला. २०१८ मध्ये घटनापीठाने त्यापुढे जाऊन सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. अरुणा यांच्या वतीने बोलायचं कोणी, यावर २०११ चं उत्तर स्पष्ट होतं. ज्यांनी रोज त्यांना भरवलं आणि पुसलं, त्या केईएमच्या लोकांनी. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेल्या.

इस्लामी कायद्याच्या अभ्यासकांनी यासाठी एक उपयोगी भेद करून ठेवला आहे. कर्तव्य पार पाडण्याची पात्रता वेगळी आणि हक्क असण्याची पात्रता वेगळी. झोपलेला, लहान मूल आणि बुद्धीचा तोल गेलेला, या तिघांवर कर्तव्याचा भार नाही. पण त्यांचे हक्क कुठेही जात नाहीत. तान्ह्या बाळाला अक्कल नसते, तरी त्याला वारसा मिळतो. हक्क आणि देणी धारण करणाऱ्या या पात्रतेचं अधिष्ठान म्हणजे ‘जिम्मा’. मराठीने हा अरबी शब्द उचलला आणि त्याचा अर्थ थोडा सरकवला. आपल्याकडे जिम्मा म्हणजे सांभाळण्याची जबाबदारी. केईएममध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र आले. तिच्यात जिम्मा होता, म्हणून त्यांच्यावर जिम्मा आला.

मेंदू मृत झाल्यावर मृत्यू मानायचा का, यावर मात्र उलेमांमध्ये एकमत नाही. १९८६ मध्ये अम्मानच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने तो मानण्याचा निर्णय दिला. अनेकांना तो पटला नाही. आपल्या देशात १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्क-स्तंभ मृत्यूला मान्यता दिली. अवयवदानाचा विचार करणाऱ्या कुटुंबाने डॉक्टरांशीही बोलावं आणि आपल्या मौलानांशीही. अरुणा यांची अवस्था मात्र मेंदूमृत्यूची नव्हती, हे विसरू नये.

रूह गेल्यावर

रूह निघून गेली की शरीर केवळ माती उरते का? मय्यतला गुस्ल देताना पाणी फार गरम नको, हात हलका हवा, अंग झाकलेलं हवं, असं शिकवलं जातं. मृताचं हाड मोडणं जिवंताचं हाड मोडण्यासारखंच मानलं आहे. एकदा एक अंत्ययात्रा जाताना पैगंबर उठून उभे राहिले. ही यहुद्याची आहे, असं कोणी म्हणालं. तोही एक नफ्सच नव्हे का, असं त्यांनी विचारलं.

करोनाने हा धडा आपल्याला पुन्हा दिला. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने धर्म कोणताही असो, सर्व करोनामृतांचं दहनच करावं असं परिपत्रक काढलं आणि त्याच दिवशी ते बदललं. पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानांत दफन नको म्हणून याचिका झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ती २२ मे २०२० रोजी फेटाळली आणि सन्मानाने अंत्यविधी होणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. तो त्या रमजानचा अखेरचा शुक्रवार होता. त्याच काळात मुंबईतल्या बडा कब्रस्तानशी जोडलेल्या स्वयंसेवकांनी नातेवाईक येऊ न शकलेल्या हिंदू मृतांना स्मशानात नेऊन त्यांच्या रिवाजाप्रमाणे निरोप दिला.

घरात माणसं किती?

महापे-रबाळे पट्ट्यात आता डेटा सेंटर उभी राहिली आहेत. लाखो लोकांची नावं, चेहरे, आवाज, व्यवहार अशा थंड खोल्यांत साठवलेले असतात. ती माहिती माणसाविषयीची आहे, पण तिला भूक लागत नाही आणि तिला कोणी अंघोळ घालत नाही. फाटकावरचा सुरक्षारक्षक मगरिबची अजान ऐकून खजूर तोंडात टाकतो, तेव्हा शरीर, सवय, स्मरण आणि श्रद्धा एकाच घासात येतात.

लवकरच घरोघर फित्र्याचा हिशेब होईल. ईदच्या नमाजआधी गरिबांना द्यायचा हा दानाचा वाटा माणशी मोजला जातो. घरातला कर्ता सगळ्यांच्या वतीने देतो. ज्याने एकही रोजा ठेवलेला नाही, ज्याला अजून मानही धरता येत नाही, त्या रमजानमध्येच जन्मलेल्या बाळाचाही फित्रा निघतो. स्मृती गेलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना कर्ता सांभाळत असेल तर तो त्यांचाही काढतो. संकल्प करता येत नाही म्हणून कोणाचं नाव यादीतून गळत नाही.

तुमच्या घरी फित्रा नसेल. पण जेवायला पानं मांडताना माणसं मोजली जातातच. आतल्या खोलीत पडून असलेलं, आपल्याला ओळखेनासं झालेलं माणूस त्या मोजणीत धरलं जातं का, एवढं या महिन्यात एकदा पाहू या.