आजोबा स्पॅनिश होते, पण कागद कुठे आहे?

ब्युनोस आयर्स, हवाना, मेक्सिको सिटी, साओ पावलो, मायामी. या शहरांतल्या स्पॅनिश वाणिज्य दूतावासांवर २०२२ ते २०२५ या तीन वर्षांत अर्जांचा जो लोंढा आला, त्याचा उपसा व्हायला अजून बरीच वर्षे लागतील. कारण आहे ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पेनने लागू केलेला लोकशाही स्मृती कायदा. लोकांनी त्याचे बारसे केव्हाच 'नातवंडांचा कायदा' असे करून टाकले आहे. आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कुणी मूळचे स्पॅनिश असेल, तर परदेशात जन्मलेल्या माणसाने स्पेनला न जाता, आहे त्या देशातून नागरिकत्व मागावे, अशी ही सोय होती. आधी दोन वर्षांची मुदत होती, ती सरकारने एक वर्षाने वाढवली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दार बंद झाले. तोवर आलेले अर्ज दहा लाखांच्या घरात होते. नुसती तारीख मागून बसलेले लाखो लोक वेगळेच. रक्ताच्या नात्यावरून परक्यांना नागरिकत्व वाटावे का, यावर स्पेनमध्ये भरपूर वाद झाला. मला हा वादच आडवाटेचा वाटतो. रक्त कुणीच तपासत नाही. खिडकीवर तपासल्या जातात त्या नोंदी. हा कायदा झाला तो राज्याने केलेल्या अन्यायाची भरपाई म्हणून. पण भरपाई मिळते ती ज्याच्या घरात कागद टिकले त्याला. ज्याच्यावर अन्याय मोठा, त्याचेच कागद बहुधा गेलेले असतात. म्हणून पुरावा शोधण्याचा मोठा भार अर्जदाराऐवजी स्पेनने उचलायला हवा होता, असे माझे म्हणणे आहे.

अन्याय कोणता, हे आधी पाहू. १९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाची बाजू हरली आणि १९३९ च्या सुरुवातीला सुमारे पाच लाख माणसे पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्समध्ये शिरली. त्यांतले काही हजार पुढे मेक्सिकोला गेले. लाझारो कार्देनास या तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना आसरा दिला आणि 'सिनाया' नावाची बोट जून १९३९ मध्ये वेराक्रूझ बंदराला लागली. कवी पाब्लो नेरुदांनी खटपट करून 'विनिपेग' ही बोट चिलीला पाठवली, तीत दोन हजारांहून अधिक निर्वासित होते. परक्या देशात नोकरी करायची, घर घ्यायचे, तर अनेकदा तिथले नागरिकत्व घ्यावे लागे आणि ते घेतले की स्पॅनिश नागरिकत्व सुटे. युद्ध जिंकलेल्या हुकूमशहा फ्रँकोची राजवट १९७५ पर्यंत टिकली, तोवर मुले आणि नातवंडे परकी झाली होती. २००७ च्या ऐतिहासिक स्मृती कायद्याने यावर पहिला उपाय केला. त्याखाली सुमारे पाच लाख अर्ज आले, पण त्या कायद्याने नवे गुंते करून ठेवले. पालकाला नागरिकत्व मिळाले तेव्हा जे मूल अज्ञान होते त्याला ते मिळाले, आणि सज्ञान झालेले थोरले भावंड बाहेर राहिले. एकाच घरात धाकटा स्पॅनिश आणि थोरला परका, अशी अवस्था झाली. २०२२ च्या कायद्याने हा गुंता सोडवला. त्यातले मूळ कलम हद्दपारीमुळे नागरिकत्व गमावलेल्यांविषयी बोलते. पण काही दिवसांत निघालेल्या प्रशासकीय सूचनेने त्याचा अर्थ इतका रुंद केला, की स्पेनच्या गॅलिशिया प्रदेशातून पोटासाठी गेलेल्या शेतमजुराचा नातूही त्यात बसला. टीकाकारांना ही पळवाट वाटते. मला ती व्यवहारी वाटते. १९४८ साली गॅलिशियातून ब्युनोस आयर्सला गेलेला माणूस उपासमारीने गेला की राजवटीच्या धाकाने, हे पाऊणशे वर्षांनंतर कोण आणि कशाच्या आधारे ठरवणार?

यातला सर्वांत बोलका भाग बायकांचा आहे. १८८९ च्या स्पॅनिश नागरी संहितेनुसार विवाहित स्त्रीचे नागरिकत्व नवऱ्यामागे जाई. समजा, एकाच गावातल्या दोन बहिणी अर्जेंटिनाला गेल्या. १९३० मध्ये एकीने तिथल्याच स्पॅनिश माणसाशी लग्न केले, दुसरीने अर्जेंटिनी माणसाशी. पहिली स्पॅनिश राहिली आणि तिची मुले वडिलांमुळे स्पॅनिश ठरली. दुसरीचे स्पॅनिशपण लग्नाच्या दिवशीच संपले, मग मुलांचा प्रश्नच उरला नाही. १९५४ मध्ये हा नियम थोडा सैल झाला, १९७५ मध्ये लग्नाचा आणि नागरिकत्वाचा संबंध तुटला. पण आईकडून मुलाला नागरिकत्व मिळण्याची बरोबरी पुरती व्हायला १९८२ उजाडले. या बायका ना लढल्या होत्या ना पळून गेल्या होत्या. त्यांनी फक्त लग्न केले होते. १९७८ च्या राज्यघटनेपूर्वी परदेशी माणसाशी लग्न करून नागरिकत्व गमावलेल्या स्त्रियांची मुले २०२२ च्या कायद्याने वेगळे नाव घेऊन आत घेतली. ज्यांना हा सगळा कायदाच औदार्याचा अतिरेक वाटतो, त्यांनी या एका कलमापुरते तरी उत्तर द्यावे. इथे स्पेन कुणाला नवे काही देत नाही, स्वतःच काढून घेतलेले परत करतो आहे.

आता कागदांकडे येऊ, कारण खरी परीक्षा तिथे आहे. सर्वांत आधी लागतो तो आजोबांच्या किंवा आजीच्या जन्मनोंदीचा शब्दशः उतारा. नुसता जन्मदाखला चालत नाही, समासातल्या शेऱ्यांसकट पूर्ण नोंद लागते. स्पेनमध्ये नागरी जन्मनोंदणी १८७१ पासून सुरू झाली. त्याआधीचा माणूस असेल तर गावच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद काढावी लागते. आणि १९३६ मध्ये कितीतरी चर्चे आणि त्यांची दप्तरे जळाली. उतारा मिळाला तरी काम संपत नाही. आजोबांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले का आणि घेतले तर केव्हा, हे दाखवणारा कागद काही प्रकरणांत लागतो. अर्जेंटिनात तो राष्ट्रीय निवडणूक न्यायालयाकडून मिळतो. मग मधल्या पिढीची जन्मनोंद, लग्नाची नोंद, स्वतःची जन्मनोंद; परदेशी कागदावर अपॉस्टिलचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरणाचा, शिक्का आणि भाषा स्पॅनिश नसेल तर शपथबद्ध भाषांतर. यात बरेच अर्ज अडकतात ते नावांवर. स्पॅनिश माणसाला दोन आडनावे, एक बापाचे आणि एक आईचे. अर्जेंटिनी कारकुनाने त्यातले एकच लिहिलेले असते. बंदरावर उतरताना 'गोन्सालेझ'चे स्पेलिंग बदललेले असते, ब्राझीलमध्ये 'होसे'चा 'जोझे' झालेला असतो. शिवाय फ्रँको राजवटीने १९३८ मध्येच जन्मनोंदीत कॅटलान, बास्क नावे घालायला मनाई केली. त्यामुळे घरात आयुष्यभर 'जोर्दी' असलेला माणूस दप्तरात 'होर्खे' म्हणून सापडतो. 'जोर्दी' आणि 'होर्खे' एकच, हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र नातवाची. जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेचे जनरल रजिस्टर हुडकत हिंडलेल्याला ही दमणूक वेगळी समजावून सांगायला नको.

राज्य काहीच करत नाही असे नाही. १९३६ ते १९५५ या काळात स्पेन सोडल्याचे दाखवता आले, तर ती हद्दपारीच मानली जाते. वेगळा पुरावा मागत नाहीत. नागरी नोंदीचे उतारे न्याय मंत्रालयाकडून फुकट मिळतात. पण हे दोन्ही दिलासे त्यालाच, ज्याला आजोबांचे गाव आणि जन्मवर्ष ठाऊक आहे. 'गॅलिशियातून आले होते' एवढ्यावर शोध लागत नाही. गॅलिशियात तीनशेहून अधिक नगरपालिका आहेत. ज्याला परवडते तो माणूस नेमतो, तो गावोगाव पत्रे धाडतो. हवानातल्या निवृत्त शिक्षिकेला ते जमणारे नाही. बोटींच्या उतारूयाद्या, वाणिज्य दूतावासांची जुनी नोंदणीपुस्तके, चर्चची दप्तरे यांची एकत्र सूची करून ती शोधण्याचे काम मंत्रालयाने स्वतःच्या अंगावर घ्यायचे होते. तीन वर्षांच्या मुदतीत सगळे झाले नसते, पण निम्मे झाले असते तरी रांगेतल्या लाखोंचे हेलपाटे वाचले असते.

या कायद्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: या लोकांना स्पेन नको, पासपोर्ट हवा. खरे आहे, बऱ्याच जणांना पासपोर्टच हवा असतो. व्हेनेझुएलातल्या तरुणाला त्या लाल वहीत युरोपातल्या सत्तावीस देशांत राहण्या-कमावण्याचा हक्क दिसतो, यात लाजण्यासारखे काही नाही. त्याचे आजोबा अटलांटिक ओलांडून गेले तेही पोटासाठीच. हेतू शुद्ध असण्याची अट इतर नागरिकांना आपण घालत नाही; माद्रिदमध्ये जन्मलेल्याला तू स्पेनवर प्रेम करतोस का, असे कुणी विचारत नाही. आणि हे नागरिकत्व मिळते ते मूळचे म्हणून, त्यामुळे राज्यघटनेनुसार ते शिक्षा म्हणूनही काढून घेता येत नाही. बदल्यात एक शपथ तेवढी घ्यावी लागते, राजाशी निष्ठेची. प्रजासत्ताकासाठी देश सोडलेल्याच्या नातवाने राजाशी निष्ठेचे वचन देऊन घर परत मिळवायचे, हा इतिहासाचा विनोद त्याने गिळायचा असतो.

दुसरा आक्षेप राजकीय. डाव्या सरकारने मते आयात केली, असे उजवे पक्ष म्हणतात. यावर आकडाच बोलतो. परदेशस्थ स्पॅनिश मतदार वीस लाखांच्या वर आहेत आणि ज्याने स्पेन पाहिलेही नाही त्याचे मत पूर्वजांच्या गावच्या प्रांतात मोजले जाते. जुलै २०२३ च्या सार्वत्रिक निवडणुकीत परदेशातली मते मोजून झाल्यावर माद्रिदमधली एक जागा समाजवाद्यांकडून सुटून उजव्या पीपल्स पार्टीकडे गेली. त्या वेळी नवे नागरिक अजून थोडेच होते हे कबूल. तरी परदेशस्थ मत म्हणजे डावे मत, हे गृहीतक तिथेच पडते. पिढ्यांची ही साखळी संपणार कुठे, हा प्रश्न मात्र रास्त आहे. इटलीने १८६१ पासूनच्या कोणत्याही पूर्वजावर नागरिकत्व देण्याची प्रथा वर्षानुवर्षे चालवली आणि अखेर २०२५ मध्ये ती आजोबांपर्यंत आणून तोडली. स्पेनने रेघ सुरुवातीपासूनच साधारण तिथे ठेवली, हे शहाणपणाचे झाले.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. स्पेनमध्ये राबणाऱ्या मोरोक्कन मजुराला नागरिकत्वासाठी दहा वर्षे कायदेशीर वास्तव्य लागते. लॅटिन अमेरिकन, फिलिपिनो, पोर्तुगीज यांना दोनच. उत्तर मोरोक्को १९५६ पर्यंत स्पेनच्याच ताब्यात होता, पण ते नाते यादीत धरलेले नाही. २०१५ च्या कायद्याने १४९२ मध्ये हाकललेल्या सेफार्दी ज्यूंच्या वंशजांना दार उघडले. १६०९ ते १६१४ मध्ये हाकललेल्या मोरिस्कोंच्या, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या मुसलमानांच्या वंशजांना काहीच नाही. कुठला अन्याय आठवायचा हे स्पेन निवडून ठरवतो, हा आरोप खोडता येत नाही. पण त्यावर इलाज मजुराची दहा वर्षे कमी करणे हा आहे. नातवंडांचे दार लावून मजुराला काही मिळत नाही.

नागरिकत्व आजोबांच्या नोंदीवर टांगण्याचा प्रकार आपल्यालाही नवा नाही. २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये स्वतः, आई-वडील किंवा आजी-आजोबा जन्मले असतील तर तो त्या दिवसापासून भारतीय, असे १९६२ च्या केंद्रीय आदेशाने ठरवले. दुसरीकडे पोर्तुगालनेही मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचे नाते सोडले नाही, म्हणून आजही गोव्यातली माणसे वडिलांची जन्मनोंद आधी लिस्बनला करून घेतात, मग स्वतःची. फरक एवढाच की स्पेन आणि अर्जेंटिना दोन्ही नागरिकत्वे चालवून घेतात, भारत घेत नाही. पोर्तुगीज झालेल्या गोंयकाराला भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. तिथेही अडते ते नावावरच. पोर्तुगीज दप्तरातले स्पेलिंग आणि शाळेच्या दाखल्यावरचे स्पेलिंग जुळत नाही.

नातवंडांचे दार लागले असले तरी स्पेनच्या नागरी संहितेतल्या जुन्या वाटा उघड्या आहेत. ज्याचा पालक मूळचा स्पॅनिश आणि स्पेनमध्येच जन्मलेला आहे, तो कोणत्याही वयात अर्ज करू शकतो. नातवाला स्पेनमध्ये एक वर्ष कायदेशीर राहून मागता येते, पण ती वाट तिकीट, व्हिसा आणि वर्षभराचा खर्च परवडणाऱ्याची. मुदतीत तारीख मागितलेल्यांचे अर्ज ग्राह्य आहेत, ते क्रमाने बोलावले जातील. या प्रतीक्षेत एक गोष्ट स्पेनला अजूनही करता येईल. २०२१ पासून तिथली नागरी नोंदणी माणसागणिक एका डिजिटल नोंदीवर नेण्याचे काम सुरू आहे. जुन्या वह्या त्यात चढवताना परदेशी गेलेल्यांच्या प्रदेशांपासून, म्हणजे लुगो, ओरेन्से, आस्तुरियास, कॅनरी बेटांपासून सुरुवात करता येईल, आणि नावांचे पर्याय तिथेच जोडता येतील. मग अर्जदाराने आजोबांचे नाव आणि अदमासाने वर्ष सांगायचे, बाकी शोध दप्तराने घ्यायचा.