अतिपर्जन्य प्रदेशातील नवलागवडीच्या झुडपांचे पाणी व संगोपन : कोयनानगर परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयनानगर हे महाराष्ट्रातील अतिपर्जन्याच्या ठिकाणांपैकी एक होय. येथे वर्षाकाठी सरासरी सुमारे ५००० मिलिमीटर पाऊस पडतो. १०५.२५ अब्ज घनफूट क्षमतेचा शिवाजीसागर जलाशयही लगतच आहे. अशा ठिकाणी बागेतील झुडूप पाण्याअभावी वाळावे, हे सकृद्दर्शनी असंभवनीय वाटते. तथापि पावसाळ्यात लावलेली जास्वंद, तगर, अनंत, एक्झोरा यांसारखी झुडपे पुढील मार्च-एप्रिलमध्ये वाळून जाण्याचा धोका येथेही तितकाच असतो. प्रस्तुत लेखात या विसंगतीची कारणमीमांसा करून संगोपनाची व्यवहार्य पद्धती मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

पावसाचे पाणी आणि मातीची धारणशक्ती :

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर क्षेत्रावर एक लिटर पाणी. या हिशोबाने ६० सेंटिमीटर व्यासाच्या आळ्यावर वर्षभरात सुमारे १४०० लिटर पाणी पडते. परंतु त्या आळ्याखालील ३० सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या मातीचे घनफळ सुमारे ८५ लिटरच भरते. जांभ्या खडकापासून बनलेली तांबडी माती आपल्या घनफळाच्या साधारण एक-दशांश इतके उपयुक्त पाणी धरते असे मानल्यास, वनस्पतीसाठी शिल्लक राहते ते अवघे आठ-नऊ लिटर. उर्वरित पाणी वाहून अथवा झिरपून जाते. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडत असल्याने उरलेले आठ महिने एवढ्याशा साठ्यावर निभावणे नवलागवडीच्या रोपास शक्य नसते. सारांश, रोपाचे भवितव्य किती पाऊस पडला यावर नव्हे, तर मुळांपाशी किती पाणी टिकले यावर अवलंबून असते.

हुंडीचे महत्त्व :

रोपवाटिकेतील पिशवीत मुळांभोवती मातीचा जो गोळा तयार होतो, त्यास बागाईतदार ‘हुंडी’ म्हणतात. लागवडीनंतर पहिले काही आठवडे झुडपाची जवळजवळ सर्व मुळे या हुंडीतच असतात. त्यामुळे सभोवतालची माती ओली असूनही हुंडी कोरडी पडू शकते. आळ्याच्या कडेने ओतलेले पाणी या काळात फारसे उपयोगी पडत नाही. ते खोडालगत, हुंडीवरच सावकाश द्यावे लागते. मुळे जसजशी बाहेर पसरतील, तसतसे आळे रुंद करून पाण्याचे प्रमाण वाढवावे व पाळ्यांतील अंतरही वाढवावे.

पावसाळ्यातील संकट :

मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. मातीच्या पोकळ्यांत पाणी व हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याच्या स्थितीस आपले शेतकरी ‘वाफसा’ म्हणतात. कठीण जांभ्यात खोदलेला खड्डा मात्र जुलैच्या संततधारेत हौदासारखा भरून राहतो आणि मुळे गुदमरून कुजतात. म्हणून लागवडीपूर्वी खड्डा पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले आढळल्यास तेथे उंचवटा करून रोप लावावे. पावसाळ्यात आळे उताराच्या बाजूने फोडून ठेवावे आणि पाऊस ओसरताच पुन्हा बांधावे.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. मुळे कुजलेले झुडूपही तहानलेल्या झुडपाप्रमाणेच मान टाकते. ते पाहून अधिक पाणी घातल्यास त्याचा नाश त्वरेने होतो. यास्तव पाणी देण्यापूर्वी बोट अथवा काडी आठ-दहा सेंटिमीटर खोल घालून ओल तपासावी. पानांच्या कडा करपून चुरचुरीत झाल्यास बहुधा पाण्याची कमतरता असते. पाने पिवळी व मऊ पडून मातीस कुबट वास येत असल्यास पाणी साचल्याचे समजावे.

पाण्याचे वेळापत्रक :

पाऊस नसलेल्या दिवसांत पहिले दोन आठवडे दररोज, त्यानंतर तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत दोन-तीन दिवसांआड आणि पुढे मुळे स्थिरावेपर्यंत आठवड्यातून एकदा पाणी द्यावे. प्रत्येक वेळी पिशवीच्या घनफळाच्या एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश पाणी आरंभी पुरते. म्हणजे सहा लिटरच्या पिशवीतील रोपास दीड ते दोन लिटर. उन्हाळ्यात उथळ मातीत पाळी लवकर द्यावी लागते. झुडूप पूर्णतः स्थिरावण्यास सामान्यतः एक ते दोन वर्षे लागतात, हे लक्षात घेता एका उन्हाळ्याची काळजी पुरेशी नाही.

यासोबत पालापाचोळ्याचे पाच ते आठ सेंटिमीटर आच्छादन करावे. मात्र ते खोडाला भिडू देऊ नये. रोप पिशवीत होते त्याच पातळीवर लावावे आणि नवी मुळे फुटेपर्यंत रासायनिक खत टाळावे. करवंद, धायटी यांसारखी सह्याद्रीतील झुडपे निवडल्यास ती एकदा रुजल्यावर पाण्याची गरज पुष्कळ घटते.

महाविद्यालयांसाठी विचार :

१९५० पासून देशात जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव साजरा होतो. आपल्या महाविद्यालयांतील वृक्षारोपणही बहुधा त्याच सुमारास होते. कोयनानगरसारख्या ठिकाणी हा काळ मुसळधार पावसाचा असतो. ऑगस्टअखेर वा सप्टेंबरमध्ये वाफसा पाहून केलेली लागवड येथे अधिक इष्ट ठरते. खरी उणीव मात्र पुढेच जाणवते. मे महिन्यात, पाण्याची गरज सर्वाधिक असताना, परिसर सुटीमुळे ओस पडलेला असतो. अशा वेळी झुडपाशेजारी सच्छिद्र मातीचे मडके पुरून ते भरून ठेवल्यास पाणी सावकाश झिरपत राहते. तरीही ते पुन्हा भरण्याची जबाबदारी एखाद्या निश्चित व्यक्तीकडे सोपवावीच लागते.

समारोप :

अतिपर्जन्य हे संगोपनास पर्याय ठरू शकत नाही. पावसाळ्यात पाण्याचा निचरा आणि नंतरचे आठ महिने हुंडीतील ओल, या दोन गोष्टी सांभाळल्या तरच लागवड टिकते. म्हणूनच महाविद्यालयाच्या अहवालात किती रोपे लावली यासोबत पुढील जूनमध्ये त्यांपैकी किती जगली, ही नोंद अनिवार्यपणे असावी.