पावतीच्या तळाशी छापलेलं नाव

मराठी छपाईचा इतिहास लिहिणारे बहुतेकजण पुस्तकांच्या मागे जातात. १८०५ साली बंगालातल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं, १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर पंचांग काढलं, १८६९ साली जावजी दादाजींचा निर्णयसागर उभा राहिला, मग पुण्यात आर्यभूषण आणि चित्रशाळा आले. हा क्रम खरा आहे आणि अभिमान वाटावा असाच आहे. पण या वाटेने गेलं की बारामती, इंदापूर, दौंड, फलटण इथले छापखाने कुठेच भेटत नाहीत. त्यांनी पुस्तकं फारशी छापलीच नाहीत. त्यांनी पावत्या छापल्या, बिलबुकं छापली, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, कुस्त्यांच्या मैदानाची पत्रकं आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका छापल्या. ग्रंथालयात असलं काही कोणी जपत नाही. तालुक्याचा खरा व्यवहार मात्र याच कागदांवर झाला, म्हणून हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो.

बारामतीला पुस्तकाचं वैभव नव्हतं असं कोण म्हणेल? बाबूजी नाइकांच्या आश्रयाने मोरोपंत इथेच राहिले आणि कऱ्हेच्या काठी त्यांनी आयुष्यभर आर्या रचल्या. १७९४ साली ते गेले तेव्हा त्यांचं सगळं लेखन हस्तलिखित होतं. नकलून घेतलेल्या बाडांतून आणि हरिदासांच्या तोंडून ते गावोगाव फिरलं. छापील मोरोपंत लोकांच्या हाती आले ते पुढे, १८५४ साली परशुरामपंत तात्या गोडबोल्यांच्या ‘नवनीत’मधून आणि नंतर निर्णयसागरच्या काव्यसंग्रहातून. गावचा कवी छापला गेला तो गावाबाहेरच, आणि ही रीत पुढेही टिकली. ज्याच्याजवळ पुस्तकाचं हस्तलिखित असे, तो एसटीने पुण्याच्या पेठांत जाई. ज्याला बिलबुक हवं असे, तो गावातल्या छापखान्याच्या पायऱ्या चढे.

लहान जागी मोठी छपाई झालीच नाही, असं मात्र नाही. किर्लोस्करवाडीत १९२० साली निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ पुढे घराघरातलं ‘किर्लोस्कर’ मासिक झाली. औंधात पंडित सातवळेकरांनी स्वाध्याय मंडळातर्फे वेदांच्या संहिता छापल्या. वाईत बसून विश्वकोशाचं काम चाललं आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी पाठीशी होतं: वाडीला कारखानदार, औंधला संस्थानिक, वाईला राज्य शासन. बारामतीचा छापखाना गिऱ्हाइकावर जगला, आणि गिऱ्हाईक होतं उसाच्या आणि गुळाच्या पैशावर उभं राहिलेलं.

बारामतीची नगरपालिका १८६५ सालची. १८८५च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि दुष्काळी पट्ट्यात बागायत आली. ऊस आला, गूळ आला, अडत्यांच्या पेढ्या आल्या. अडत्याला हिशेबपट्टी लागते, पालिकेला करपावती लागते. १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं राहिलं. १९५०च्या दशकात भवानीनगरचा छत्रपती आणि माळेगावचा सहकारी साखर कारखाना आला, त्यापाठोपाठ सोमेश्वर. १९६०चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६१चा जिल्हा परिषदांचा कायदा यांनी तर कागदाचं पीकच आणलं. सहकार म्हटला की सभासद आले, सभासद आले की शेअर्सचे दाखले, वार्षिक सभेच्या नोटिसा आणि ताळेबंद आला. एका शेतकऱ्याच्या एका फडामागे किती कागद हिंडे, ते बघावं: ऊसनोंदीचा अर्ज, तोडचिठ्ठी, वजनकाट्याची पावती, उसाचं बिल, सोसायटीच्या वसुलीची पावती. सरकारी खात्यांचे बरेच नमुने येरवडा कारागृहाच्या मुद्रणालयातून छापून येत. उरलेलं सगळं, म्हणजे ग्रामपंचायती, सोसायट्या, पतसंस्था, शाळा, दवाखाने आणि दुकानं यांचं काम, तालुक्याच्या छापखान्यांचं.

छापखाना म्हणजे बहुधा पुढे टेबल, मागे केसेस आणि त्यामागे मशीन एवढीच जागा. केस म्हणजे खणाखणांचा लाकडी ट्रे, प्रत्येक खणात एकेका अक्षराचे धातूचे खिळे. इंग्रजी जुळवायला दोन केसेस पुरत. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं धरून कितीतरी जास्त खण लागत, त्यामुळे जुळारी समोर आणि दोन्ही बाजूंना केसेस मांडून त्यांच्यामध्ये उभा राही. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताने न बघता खिळा उचलायचा, खाच कुठे आहे ते बोटाला कळलं पाहिजे. मजकूर आरशात दिसावा तसा उलटा. ओळी भरल्या की गॅलीत घ्यायच्या, सुतळीने बांधायच्या, प्रूफ काढायचं, मग लोखंडी चौकटीत फर्मा आवळायचा. तालुक्याच्या छापखान्याजवळ खिळे नेहमी बेताचेच असत. सोसायटीच्या थकबाकीदारांची यादी जुळवायला घेतली आणि गावात पवारच जास्त असले, की दुसऱ्या पानावरच प आणि व संपत. मग पहिली पानं छापून मोकळी करायची, खिळे परत खणांत टाकायचे आणि पुढची पानं जुळवायची. झिजलेले खिळे फाउंड्रीला वजनावर परत जात आणि त्यांच्या बदल्यात नवे येत. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा तो धातू पुन्हा वितळून पुन्हा अक्षर होई.

मशीन म्हणजे ट्रेडल. आधी पायाने चालणारं, पुढे मोटर बसवलेलं. उजव्या हाताने कोरा कागद लावायचा, डाव्या हाताने छापलेला काढायचा, आणि जबडा मिटायच्या आत दोन्ही हात बाहेर. सवयीचा मशीनमन तासाला हजाराच्या आसपास छाप काढी. लक्ष चुकलं की बोटं गेली. या धंद्याने माणसांच्या शरीराकडून काय वसूल केलं ते कुठल्याच हिशेबात आलं नाही, कारण छापखाने लहान होते आणि कामगार दोन-चारच.

पावतीपुस्तकाचं काम वरवर सोपं दिसतं, पण त्यात कसब होतं. फर्म्यातच नंबरिंगचा छोटा डबा बसवायचा, प्रत्येक छापाला त्याचा आकडा एकाने सरकतो. छापलेले कागद एकावर एक पडत जातात, त्यामुळे चढते आकडे असले की शेवटचा नंबर वर येतो आणि सगळा गठ्ठा उलटा करत बसावा लागतो. म्हणून उतरत्या क्रमाने चालणारं नंबरिंगही मिळे. ते लावलं की छपाई संपताना एक नंबर आपोआप गठ्ठ्याच्या वर. मग पर्फोरेशन, पांढऱ्या कागदामागे पिवळा किंवा गुलाबी, पाठीला पुठ्ठा आणि खळ. ज्या पावतीवर शेतकऱ्याचं वर्षाचं बिल ठरे, तिचे नंबर चुकता कामा नयेत, ही जबाबदारी छापखान्याची होती आणि ती पाळली जाई.

लग्नसराईत चित्र पालटे. तुळशीचं लग्न झालं की गर्दी सुरू. पत्रिकेचा मायना ठरलेला असे, म्हणून जुळवलेला मजकूर न सोडता तसाच उभा ठेवत आणि फक्त नावं, तिथी व स्थळ बदलत. गणपतीचा ब्लॉक वर्षानुवर्षं तोच. पुढे शिवकाशीहून रंगीत तयार कार्डं येऊ लागली. कोऱ्या जागेत मजकूर तेवढा इथे छापायचा. कॅलेंडरांचंही तसंच: देवाचं चित्र शिवकाशीचं, तळाच्या पांढऱ्या पट्टीवर दुकानाचं नाव बारामतीचं. जत्रेच्या कुस्त्यांची आणि तमाशाची पत्रकं पातळ रंगीत पतंगी कागदावर निघत, त्यांचे मोठे मथळे लाकडी खिळ्यांचे. ऑगस्ट-सप्टेंबर सहकारी संस्थांच्या अहवालांचा हंगाम. निवडणूक लागली की मग घड्याळाकडे बघायचं नाही.

निवडणुकीच्या कामाला कायद्याची वेसण होती आणि आहे. १८६७च्या कायद्याने छापखाना चालवणाऱ्याला दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र करावं लागे आणि छापलेल्या कागदावर मुद्रकाचं नाव व ठिकाण घालावं लागे. १८५७च्या उठावानंतरच्या सरकारला कोण काय छापतो यावर नजर ठेवायची होती. आणीबाणीत त्या नजरेची धार पुन्हा सगळ्यांनी अनुभवली. हा दीडशे वर्षांचा कायदा मार्च २०२४मध्ये गेला आणि त्याच्या जागी नवा आला. निवडणुकीच्या पत्रकांपुरती मात्र लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६१ साली घातलेली १२७-अ ही तरतूद कायम आहे. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता हवा, आणि छापलेल्या प्रती प्रकाशकाच्या घोषणापत्रासह जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायच्या. ज्या तालुक्यात साखर कारखान्याची निवडणूकसुद्धा विधानसभेच्या ईर्ष्येने लढवली जाते, तिथल्या मुद्रकाला ही एक ओळ जपूनच छापावी लागली असणार.

ऑफसेटने जुळाऱ्याचं काम काढून घेतलं. पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झालं, तिथल्या जिस्ट तंत्राने संगणकावर भारतीय लिप्या आल्या. मग मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आली आणि काही वर्षांतच तालुक्याच्या गावात डीटीपीचे फलक लागले. केसेस भंगारात गेल्या, खिळे वजनावर गेले. अक्षरांची चैन झाली हे खरं, पण एक नुकसान झालं ज्याबद्दल बोललं जात नाही. जुन्या फाँटांत केलेल्या फायली तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडल्या की अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. साठ वर्षांपूर्वीचा सोसायटीचा अहवाल आज वाचता येतो, पंचवीस वर्षांपूर्वीची अहवालाची फाइल उघडता येत नाही.

नंतर फ्लेक्स आला. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळं चौकात. छापखान्यांना त्याने उत्पन्न दिलं आणि गावांना विद्रूपही केलं. बेकायदा फलकांविरुद्धच्या ज्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली कडक आदेश दिले, ती आपल्या शेजारच्या साताऱ्यातल्या सुस्वराज्य फाउंडेशनची होती.

आणि डीटीपी येत होतं त्याच काळात कागदच इथे तयार होऊ लागला. इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ, उजनीच्या पाण्याशेजारी, १९९०च्या दशकात सिनार मास कंपनीने कागद गिरणी उभी केली आणि २००१ साली ती बल्लारपूर इंडस्ट्रीजने घेतली. तिचा कागद साध्या बिलबुकाचा नव्हे, लेप दिलेला गुळगुळीत आर्ट पेपर, रंगीत छपाईचा, कॅलेंडरांचा आणि मासिकांच्या मुखपृष्ठांचा. ज्या भागात कागदाची रिमं पुण्याहून येत, तिथून उत्तम कागद देशभर जाऊ लागला.

बारामती एमआयडीसीत आज छपाई जागोजाग आहे, फक्त तिला छपाई म्हणून कोणी ओळखत नाही. दुधाच्या आणि चॉकलेटच्या वेष्टनांवर, खोक्यांवर, सुट्या भागांच्या लेबलांवर ती असते. चालत्या पट्ट्यावर बॅच नंबर आणि तारीख शाईच्या फवाऱ्याने उमटते, कागदाला कशाचा स्पर्शही न होता. २०११च्या वेष्टित मालाच्या नियमांनुसार वजन, किंमत, तारीख ही माहिती देवनागरीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावी लागते. मराठी चालेल, पण वरून जास्तीची. ही गोष्ट मला खटकते. ट्रेडलवर छापलेली साधी वजनपावती पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत मराठी होती आणि ती उसाचा मालक वाचू शकत होता. आज त्याच शिवारातल्या दुधापासून बनलेल्या वस्तूचं वेष्टन त्याला अनेकदा नातवाकडून वाचून घ्यावं लागतं.

जुन्या पावत्या अजून घरोघरी आहेत, माळ्यावर, जमिनीच्या कागदांच्या पिशवीत. त्यांवर तारीख नसली तरी त्यांचं वय काढता येतं. रकाने रुपये-आणे-पै असे असतील तर छपाई १ एप्रिल १९५७च्या आधीची, किंवा जुना साठा खपवलेला. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४. मण-शेर जाऊन क्विंटल-किलो आले की १९६०च्या आसपास. मथळा बालबोध छापील आणि आतली नोंद मोडीत असेल, तर तो कागद बहुधा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. पत्त्यात ४१३१०२ हा पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोडच त्या स्वातंत्र्यदिनी सुरू झाले. फोन दोन-तीन आकडी असेल तर हाताने जोडणाऱ्या एक्स्चेंजचा काळ, ०२११२ असेल तर एसटीडीचा. व्हॅटचा नंबर २००५ नंतरचा, आणि २७ने सुरू होणारा पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक जुलै २०१७ नंतरचा. तो बदल झाला तेव्हा प्रत्येक दुकानाला नवं बिलबुक लागलं आणि छोट्या छापखान्यांना काही महिने पुन्हा जुन्या दिवसांसारखं काम मिळालं.

अगदी तळाशी, बारीक टायपात, बहुतेक वेळा मुद्रणालयाचं नाव आणि पेठ किंवा रस्ता असतो. एकेका तालुक्याची पन्नास-शंभर अशी नावं जमली तरी कुठल्या रस्त्यावर कधी कोणता छापखाना होता, याचा नकाशा तयार होईल. शाळा-महाविद्यालयांच्या मुलांना सुट्टीत करता येईल असं हे काम आहे. दिवाळीची साफसफाई झाली असेल तर पिशव्या रद्दीवाल्याकडे देण्याआधी एकदा उघडा आणि पावत्यांचे फोटो काढून ठेवा, तळाची ती ओळ नीट दिसेल असे.