सुनावणीत दूरचा नागरिकही हजर असावा

घरपट्टीचा कागद कोणत्याही घरात आनंदाने उघडला जात नाही. तथापि त्या कागदावरील आकडा ही आज्ञा नसून तो एक हिशेब असतो, आणि ज्याच्या माथी हिशेब बसवावयाचा त्यास तो तपासून पाहण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व नगरशासनाच्या मुळाशी आहे. म्हणूनच कर आकारणीवरील हरकतींची सुनावणी हा केवळ कचेरीचा उपचार मानता येत नाही. सामान्य नागरिक आणि त्याची नगरपालिका समोरासमोर येऊन एकमेकांस जाब देतात, असे जे थोडे प्रसंग उरले आहेत, त्यांपैकी हा एक होय. ज्यास त्या ठिकाणी देहाने पोहोचता येत नाही त्याचे काय, हा प्रश्न आज विचारणे अगत्याचे झाले आहे.

महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमानुसार चालतो. भाडेमूल्यावर आधारलेल्या पद्धतीत घराला वर्षाकाठी किती भाडे येऊ शकेल याचा अंदाज बांधतात, त्यातून दुरुस्तीखर्चापोटी दहा टक्के वजा करतात आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर कर बसवितात. ही यादी निदान दर चार वर्षांनी नव्याने तयार व्हावी, ती लोकांस पाहावयास मिळावी, मुदतीत आलेल्या हरकती ऐकून घ्याव्यात आणि मगच ती कायम करावी, असा हा क्रम आहे. क्रम निर्दोष आहे. पण मोजणी माणसेच करतात. टिनाचे छप्पर कागदावर स्लॅब होते, बंद पडलेले दुकान चालू ठरते, जुन्या वाड्याची पडवी नवे बांधकाम म्हणून नोंदली जाते. अशी चूक वेळीच दुरुस्त झाली नाही, तर ती वर्षानुवर्षे मानगुटीस बसते. शिवाय शिक्षणकरासारखे इतर करही त्याच मूल्यावर मोजले जात असल्याने एका चुकीचा दंड अनेक नावांनी भरावा लागतो.

अशा वेळी सुनावणीस कोण येऊ शकतो? आपल्या खामगावची तरुण पिढी नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईकडे, नागपूरकडे, कित्येकदा परदेशी गेली आहे. मागे राहिलेल्या घरात एक तर कुलूप आहे किंवा वृद्ध आईवडील आहेत. ज्यांच्या गुडघ्यांनी जिना चढणे सोडून दिले आहे त्यांनी कचेरीच्या बाकावर पुकाऱ्याची वाट पाहत दुपार काढावी, पुण्यातील मुलाने पाच मिनिटांच्या म्हणण्यासाठी दोन दिवसांची रजा टाकावी, आणि रोजंदारीवरील माणसाने शंभर-दोनशे रुपयांच्या वादापायी दिवसाची मजुरी बुडवावी, ही अपेक्षा व्यवहारात हक्क नाकारण्यासारखीच आहे. प्रतिनिधी पाठविता येतो, हे खरे. पण घर कोणत्या वर्षी बांधले, मागची खोली कधी पडली, हे मालकाइतके वकिलासही ठाऊक नसते. आणि वकिलाची फी वादाच्या रकमेहून अधिक व्हावयाची!

अंतर जिंकण्याची विद्या या गावास नवी नाही. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा सुमारे तेरा किलोमीटरचा लोहमार्ग सुरू झाला तो येथील कापसाच्या बाजारासाठी, आणि त्याच काळात तारायंत्रानेही खामगाव बाहेरच्या जगाशी जोडले गेले. येथील गाठींची मागणी थेट लिव्हरपूलचे व्यापारी तारेने नोंदवू लागले. कापसासाठी सात समुद्रांचे अंतर जर दीडशे वर्षांपूर्वी मिटविता आले, तर करदात्याच्या शब्दासाठी पुणे-खामगाव हे अंतर आज का मिटू नये?

आमची ही सूचना धाडसाची आहे, असेही नाही. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच अमेरिकेतील डॉक्टरची साक्ष दूरदृश्य पद्धतीने घेण्यास मान्यता दिली. २०२० च्या महासाथीत देशभरची न्यायालये याच मार्गाने चालली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व माहिती आयोगांस प्रत्यक्ष व दूरदृश्य अशा दोन्ही प्रकारच्या सुनावणीची सोय करण्याचा आदेश दिला. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात तर मालमत्तेच्या मूल्यांकनावर हरकत घेणाऱ्यास दूरध्वनीवरूनही बाजू मांडता येते; मात्र तशी इच्छा त्याने आधी लेखी कळवावी आणि आपला पुरावा शपथपत्रासह अगोदर सादर करावा, असा तेथील दंडक आहे. फौजदारी खटल्यातील साक्षीस जे साधन चालते, ते घराच्या मोजमापाच्या वादास चालू नये, यास सबळ कारण दिसत नाही.

परंतु यंत्र आले की न्याय आपोआप आला, असे मानण्याची चूक मात्र होऊ नये. प्राप्तिकर खात्याने २०२० मध्ये करदाता व अधिकारी यांची भेटच न होणारी पद्धत मोठ्या उत्साहाने आणली. लाचलुचपतीस आळा घालण्याचा हेतू स्तुत्य होता. पण प्रारंभीच्या नियमांत करदात्याने मागूनही सुनावणी देणे वरिष्ठांच्या मान्यतेवर ठेवले होते. त्यावरून न्यायालयात वाद झाले आणि अखेर २०२२ मध्ये कायद्यात बदल करून, मागितलेली सुनावणी दिलीच पाहिजे, असे ठरवावे लागले. चेहरा दिसला नाही तरी चालेल, म्हणणे ऐकलेच पाहिजे, हा त्या अनुभवाचा धडा आहे.

म्हणून नगरपालिकांसाठी नियम करताना काही पथ्ये पाळावी लागतील. पहिले हे की, दूरची सुनावणी हा पर्याय असावा, सक्ती नव्हे. ज्यास समोर उभे राहून बोलावयाचे आहे त्यास ते दार उघडेच राहिले पाहिजे. ज्याच्यापाशी साधा दूरध्वनी आहे त्यास तोही पुरला पाहिजे. दुसरे, घराचे मोजमाप, लावलेला दर आणि वापराची नोंद यांचा तक्ता हरकतदारास सुनावणीपूर्वीच मिळावा. हिशेब न दाखविता हरकत ऐकणे म्हणजे उत्तरपत्रिका न दाखविता गुणांविषयी तक्रार विचारण्यासारखे आहे. तिसरे, मोजमापाचा वाद पडद्यावर मिटत नाही. तेथे मालकाने नेमलेल्या माणसासमक्ष जागेची पुन्हा पाहणी व्हावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निर्णय लेखी व सकारण असावा. “हरकत अमान्य” या दोन शब्दांनी वाद संपत नाही, तो फक्त अपिलाकडे ढकलला जातो.

यात वसुली मंदावेल, अशी भीती कोणी घालील. आम्हांस उलटे दिसते. ज्यास आपले म्हणणे ऐकले गेले असे वाटते तो निकाल विरुद्ध गेला तरी बहुधा पैसे भरतो. ज्यास डावलले गेले असे वाटते तो थकबाकीदार होतो. रस्ते, पाणी आणि दिवाबत्ती यांचा खर्च घरपट्टीवर फार मोठा विसंबून आहे, तेव्हा कर बुडविण्याची तरफदारी आम्ही करणार नाही. पण राज्यातील अनेक ठिकाणी कर भरण्यासाठी घरबसल्या सोय झाली आहे. पैसे घेताना जे अंतर आड येत नाही, ते दाद देताना आड येऊ देऊ नये. राज्य शासनाने याविषयी स्पष्ट नियम करावा, आणि दीड शतकाहून जुन्या अशा आपल्या नगरपालिकेने त्याची वाट न पाहता, पुढील आकारणीच्या सुनावणीत कायद्याच्या चौकटीत जेवढे करता येईल तेवढे करून दाखवावे. नागरिकांनीही नोटीस हाती पडताच मुदतीत लेखी हरकत नोंदवावी. न नोंदविलेली तक्रार कोणत्याही यंत्रास ऐकू जात नाही.