खाडी वाढेल ते ताटात

संपादकांची मागणी साधी होती. मे महिन्याच्या अंकासाठी सहकुटुंब रात्रीचं जेवण करता येईल अशी मासळीची एक जागा हवी, पण समुद्रकिनाऱ्यावरची नको. त्या सगळ्यांना पाठ आहेत. नदीकाठची शोधा.

मालवणहून तारकर्लीच्या रस्त्याला लागलं की असा शोध देवबागेत येऊन थांबतो, कारण पुढे रस्ताच नाही. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मधल्या माडांच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं हे गाव. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते, पलीकडे भोगवे दिसतं. पाहुण्यांची धाव अर्थात समुद्राच्या बाजूला. मे महिन्यात तिथे संध्याकाळचं ऊन थेट तोंडावर येतं आणि खारा वारा ताटात वाळू टाकतो. खाडीची बाजू पूर्वेची. चार-साडेचारलाच सूर्य माडांच्या मागे जातो, अंगण निवतं, वारा येतो पण माडांतून गाळून. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन जेवायला बसायचं तर याच बाजूला, हे एका संध्याकाळीत पटतं.

ज्या घरात मी जेवले त्याचं नाव इथे देत नाही. मालकिणीनेच हात जोडून सांगितलं, ‘छापू नका, इतकी माणसं झेपायची नाहीत आम्हाला.’ घरामागचं सारवलेलं अंगण, वर पत्र्याची पडवी, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पाच पावलांवर पाणी. पाटी नाही, छापील मेनू नाही. सुनेला सगळे वहिनी म्हणतात, सासूला आजी. वहिनी चूल, गॅस आणि हिशेब सांभाळतात. सत्तरी ओलांडलेल्या आजी अडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसतात.

घराचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. आजींनी लग्नानंतरची वर्षं परळला काढली. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात त्या गिरणी कामगारांची खाणावळ चालवायच्या. गिरणगावात अशा घरोघरच्या बायकांनी कितीतरी कोकणी माणसं जेवू घातली. त्यांच्यासाठीच प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, जेवणारे पांगले आणि पुढे कुटुंबही गावी परतलं. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुंबई-पुण्याची माणसं दारात येऊन ‘जेवण मिळेल का’ असं विचारू लागली. आजींनी परळचाच कायदा इथे लावला. माणसं किती ते सकाळी दहाच्या आत सांगायचं. रात्री आठला पंधरा जणांची गाडी अचानक दारात आली, तर त्यांना पाणी मिळतं, सोलकढी मिळते, जेवण मिळत नाही.

हा नुसता हट्ट असेल, असं वाटत होतं. स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेलं कालनिर्णय पाहिल्यावर उलगडा झाला. एरवी त्यावर दुधाचा आणि गॅसचा हिशेब असतो. इथे तिथींच्या चौकोनांत पेन्सिलीने वेळा लिहिलेल्या आहेत.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब जुना आहे. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. येईल तो आकडा पूर्ण भरतीचा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दोन्ही पक्षांना हाच नियम, आणि दिवसातून दोनदा. जागेप्रमाणे वेळ थोडी मागेपुढे होते, पण अंदाज चुकत नाही. तिथून सहा तासांच्या आसपास ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं.

वेळेइतकीच पाण्याची चाल महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं. भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खाली उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. मुंबईत उधाणाचं पाणी चार मीटरच्या वर जातं, मालवणकडे साधारण त्याच्या निम्मंच. म्हणजे इथे हातभर पाणी जास्त ओसरलं तरी तो मोठा लाभ, कारण तेवढ्याने वाळूचा आणखी एक पट्टा उघडा पडतो आणि त्या पट्ट्यात तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, असतात.

उधाणाच्या दिवसांत ओहोटी पहाटे आणि पुन्हा संध्याकाळी येते. पहाटेच्या ओहोटीला बायका गुडघाभर पाण्यात उतरतात, पायाने चाचपतात, हाताने नाहीतर कोयत्याच्या टोकाने वाळू उकरतात. आणलेल्या तिसऱ्या लगेच शिजवायच्या नसतात. त्यांच्या पोटात वाळू असते. भरतीचं खारं, निवळ पाणी टोपात घेऊन त्या त्यात ठेवायच्या, मग त्या आपणहून तोंड उघडतात आणि वाळू टाकतात. विहिरीच्या गोड्या पाण्यात ठेवल्या तर घट्ट मिटून बसतात आणि वाळू आतच राहते. या कामाला काही तास जातात. रात्रीच्या ताटात तिसऱ्या हव्या असतील तर त्या पहाटे निघायला हव्यात आणि किती काढायच्या ते माणसांच्या आकड्यावर ठरतं. आदल्या दिवशी निरोप आला तर उत्तम, दहा वाजेपर्यंत आला तर शेजारपाजारच्या टोपातून भर घालता येते. परळचा नियम खाडीच्या घड्याळात असा चपखल बसला आहे.

भांगाच्या दिवसांत तिसऱ्या थोड्याच मिळतात. मग भर माशांवर. भरतीबरोबर आत येणारी शेवटी, काळुंदरं, कधी एखादा चणक, सुंगटं, कुर्ल्या. पाग टाकणारा शेजारी जे आणून देईल ते. यात एक गंमत आहे. तिसऱ्यांची खरी सुगी पौर्णिमेच्या सुमाराला, आणि नेमक्या त्याच दिवशी अनेक घरं मासळी खात नाहीत. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि संकष्टी आहेतच. म्हणून त्या कॅलेंडरवर दोन हिशेब शेजारी शेजारी चालतात, पाण्याचा आणि पाहुण्यांच्या उपासांचा.

मी मात्र सगळ्यात जास्त वेळ आजींच्या शेजारी बसले. तिसऱ्या गरम पाण्यात टाकल्या की आपोआप उघडतात, हे सोपं. आजींना ते मान्य नाही. पाण्यात टाकलं की चव पाण्यात जाते, म्हणून त्या कच्च्याच उघडतात. अडाळ्यावर एक पाय मुडपून बसायचं, पात्याखाली परात. शिंपल्याची बिजागरी तळव्याकडे, फट पात्याकडे. शिंपला जोराने दाबायचा नाही, पात्यावर टेकवून किंचित फिरवायचा. दोन्ही टोकांना एकेक स्नायू असतो, तो कापला गेला की शिंपला हातातच सैल पडतो. रिकामी शिंपली डावीकडे, मांस असलेली उजवीकडे, आणि आतलं पाणी पात्यावरून ओघळत परातीत. अशा एका शिंपलीत ठेवून शिजवलेल्या तिसऱ्यांना एकशिपी म्हणतात. परातीतलं पाणी गाळून त्याच कालवणात जातं, म्हणून मीठ शेवटी आणि चाखून.

त्याआधी एक परीक्षा असते. मेलेली तिसरी उघडी पडते, ती दिसते आणि फेकता येते. घात करते ती मिटलेली, आत नुसता चिखल भरलेली. अशी एक जरी टोपात गेली तरी सगळं कालवण मातीमोल. आजी दोन दोन शिंपले उचलून एकमेकांवर आपटतात. ‘नीट आयक,’ त्या म्हणाल्या. ‘जिती येगळी वाजता, मातयेची येगळी.’ जिवंत शिंपला टणक वाजतो, चिखलाचा बद्द. मला फरक कळायला बराच वेळ लागला. त्या बोलता बोलता, माझ्याकडे बघत, बद्द वाजलेला बाजूला टाकत होत्या.

बाकीचा स्वयंपाक दोन टप्प्यांत चालतो. तिरफळं घातलेला बांगड्याचा तिखला दुपारीच होऊन मुरत पडतो. तिसऱ्या आणि तळण माणसं जेवायला बसल्यावर. कांदा, मालवणी मसाला, सोलं, ओलं खोबरं आणि मग तिसऱ्या, तेही काही मिनिटंच. जास्त शिजल्या की चिवट होतात. ताटात तांदळाची भाकरी, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. मे महिना रातांब्यांचा. अंगणाच्या कडेला सालं उन्हात वाळत असतात, ती पुन्हा पुन्हा रसात बुडवून वाळवली की सोलं होतात. त्याच रसाचं मीठ घातलेलं आगळ आणि नारळाचं दूध, म्हणून इथली सोलकढी बाटलीतल्या गुलाबी पाण्याची आठवण पुसून टाकते. शेवटी गोड म्हणून कापलेला हापूस.

हे सगळं किती दिवस चालेल, असं विचारल्यावर वहिनींनी आधी आजींच्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं. अडाळ्यावर तासन्‌तास बसणारं घरात दुसरं कोणी नाही. वहिनींना उघडता येतात, पण त्या उघडत बसल्या तर चूल कोण बघणार? मुलगी शिकायला बाहेर आहे. तिने हे करावं असं दोघींपैकी कोणालाच वाटत नाही. बाहेरची बाई लावायची तर हॉटेलं आणि जलक्रीडावाले जास्त मजुरी देतात.

दुसरी अडचण पाहुण्यांची. खाडीकाठी येऊन मागतात सुरमई आणि पापलेट. पापलेट 2023 पासून राज्य मासा आहे, त्याच वर्षी शासनाने 54 जातींच्या माशांचा किमान आकारही ठरवून दिला, कारण पिल्लंच जाळ्यात येऊ लागली. तरी ताटात मावेल एवढं छोटं पापलेट स्वस्तात द्या, ही मागणी थांबत नाही. वहिनींचं उत्तर ठरलेलं, ‘सुरमय मालवणच्या हॉटेलात गावता. आमच्याकडे खाडी देयत ता.’ काही जण उठून जातात. खोक्यातली बर्फाची सुरमई आणून ठेवली तर धंदा वाढेल, हे त्यांना कळतं. मग ओहोटीला उतरणाऱ्या बायकांकडून कोण घेणार, हेही कळतं.

खरी भीती पाण्याखालची आहे. तिसरी वाळूत वाढते. पंपाने वाळू खेचली जाते तिथे तिसऱ्यांचा पट्टाच उचलला जातो, मग पिल्लं धरायला जागा उरत नाही. दुसरं त्याहून गुपचूप. तिसरी पाणी गाळून खाते, पाण्यात जे असेल ते तिच्या पोटात साठतं. गेल्या काही वर्षांत या पट्टीवर न्याहारी निवास आणि खोल्या वाढल्या. खाली नुसती वाळू. शौचालयाच्या टाक्या पक्क्या बांधल्या नाहीत तर पाझर एकतर विहिरीत जाणार, नाहीतर खाडीत. तिसऱ्यांसाठी कोकणात येणारा पाहुणा ज्या खोलीत उतरतो, त्या खोलीचं सांडपाणी कुठे जातं हा प्रश्न त्याच्या ताटाशी जोडलेला आहे. गावात यावर बोललं जातं, पण हंगाम संपल्यावर.

आणि पट्टी स्वतःच किती टिकेल? दोन्हीकडून पाणी कुरतडतं. समुद्राच्या अंगाला दगडी बंधारे आहेत, त्यातले दगडही सरकतात. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा ऐन हंगामात माड पडले, पत्रे उडाले, वीज कित्येक दिवस नव्हती. या घराची पडवी त्यानंतरची. आता ती पक्की बांधावी तर पाण्याला इतकं लागून बांधकामाला परवानगी कठीण, आणि पत्र्याचीच ठेवावी तर पुढच्या वादळाची धास्ती.

एक जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते, ती 31 जुलैपर्यंत. पावसाचं गढूळ गोडं पाणी खाडीत उतरतं आणि अंगणातल्या खुर्च्याही उचलल्या जातात. म्हणजे या ताटाला उरतो तो मे महिना. जाणार असाल तर आधी निरोप द्या, माणसं मोजून सांगा, तिथी बघून जा. गेल्यावर सुरमई आहे का असं विचारू नका, आज काय आलंय असं विचारा. आणि जिथे राहाल तिथल्या मालकाला सांडपाण्याच्या टाकीबद्दल एकदा तरी विचाराच. गिऱ्हाइकाने विचारलं की मालक लक्ष देतो.