मिरांडाची शेपटी आणि क्लेअरची नजर



आज एका जुन्या, विसरलेल्या सिनेमाची गोष्ट सांगतो. नाव 'मिरांडा'. १९४८ साली इंग्लंडमध्ये आलेला, कृष्णधवल आणि पोट धरून हसवणारा.

लंडनचा एक डॉक्टर, पॉल, सुट्टीत कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर मासे पकडायला जातो. बायको क्लेअरला मासेमारीची आवड नाही, म्हणून ती घरीच राहते. इकडे मिरांडा नावाची जलपरी पॉललाच पाण्यात ओढते आणि आपल्या गुहेत ठेवून घेते. सोडायची अट एकच : मला लंडन दाखव!

आता शेपटी लपवायची कशी? डॉक्टर तिला चालता न येणारी पेशंट म्हणून घरी आणतो. चाकाची खुर्ची आणि पायघोळ झगे, झालं काम. तेव्हा युद्ध संपून तीन वर्षं झाली होती, तरी ब्रिटनमध्ये कपडे रेशनवरच मिळत. त्यामुळे सिनेमा बघणाऱ्या बायकांना ते झगेही जलपरीइतकेच अप्रूपाचे वाटले असतील.

मिरांडा कच्चे मासे खाते. प्राणिसंग्रहालयात तर समुद्रसिंहाला टाकलेला मासा स्वतःच मटकावते. घरचा ड्रायव्हर आणि ओळखीचा चित्रकार, दोघांचीही लग्नं ठरलेली, पण तिच्या गोड बोलण्यावर दोघे भाळतात. तिला उचलून नेताना कुणालाच काही वेगळं जाणवत नाही!

जाणवतं ते क्लेअरला. पाहुणीचं खाणं, वागणं, नवऱ्याची उडवाउडवी, सगळं ती मनात जुळवत जाते आणि शेवटी बरोबर ओळखते. तिचं बोलणं कानावर पडताच मिरांडा खुर्ची ढकलत नदी गाठते आणि थेम्समध्ये उडी घेते.

आम्हाला हा सिनेमा क्लेअरसाठी मोलाचा वाटतो. डब्यातलं पीठ किती उरलं, पासबुकात किती रक्कम कमी दिसते, हे घरात सगळ्यात आधी बाईला कळतं. तिनं विचारलं की उत्तर मिळतं, 'तुला उगाच संशय!' या गोष्टीत मात्र संशय घेणारीच खरी ठरते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. या सिनेमाची निर्माती बाईच होती, बेटी बॉक्स. पैसा, माणसं आणि वेळ यांचा मेळ घालायचं हे काम त्या काळी तिथेही फार थोड्या बायकांच्या हाती होतं. मिरांडा झालेल्या ग्लिनिस जॉन्स २०२४ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी वारल्या.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा. 'उगाच संशय' म्हणून आपण कोणता प्रश्न गिळून टाकला, ते एकमेकींना सांगा. आणि तो प्रश्न घरी पुन्हा विचारा.